वेगळे ताट नको, सगळ्यांचीच भाकरी



कुटुंबाच्या पानावर आज आम्ही स्वयंपाकाविषयी लिहीत आहोत. दिवसभर कचेरीत फायली पुढे सरकवणाऱ्या कारकुनाला चुलीतले काय कळते, असे आमच्या भगिनींना वाटेल. ते खरेही आहे. पण गेल्या दीड-दोन वर्षांत आमच्या वस्तीत एका घराच्या चुलीपाशी आम्हाला वारंवार बसावे लागले. तेथे जे शिकलो ते चार घरांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमच्या गल्लीत मराठवाड्यातल्या खेड्यातून येऊन स्थिरावलेले एक कुटुंब आहे. नवरा बांधकामावर मिस्त्री, बायको चार घरची धुणीभांडी करते, म्हातारी सासू आणि दोन मुले. त्यातली मुलगी सात वर्षांची झाली तरी पाच वर्षांची दिसे. हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेले. वरचेवर जुलाब, सारखी मरगळ, शाळेत बाकावर डोके टेकून झोपायची. कोणी जंत म्हणाले, कोणी नजर म्हणाले, कोणी बाहेरचे पाहणाऱ्याकडे न्या म्हणाले. एका खाजगी दवाखान्याने वर्षभर टॉनिकच्या बाटल्या दिल्या. आईने कानातले मोडून पैसे भरले. पोर होती तशीच.

शेवटी आम्ही त्या माउलीला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात बालरुग्ण विभागात गेलो. तेथे रक्ताची एक विशेष तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये निदान हाती आले, ‘सिलिअ‍ॅक’. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हिला गहू चालत नाही. आजपासून जन्मभर बंद. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. जेवण हेच औषध.”

बाहेर आल्यावर आमच्या वहिनी पायरीवरच बसल्या. “भाऊजी, रेशनला गहू येतो. शाळेत पोळी, घरात पोळी, दुकानात बिस्कीट. आता पोरीला काय घालू?”

हा आजार काय आहे?

गहू, जव आणि राय या धान्यांत ‘ग्लुटेन’ नावाचे प्रथिन असते. कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना जी ताणते, ती या ग्लुटेनमुळे. बहुतेकांना ते पचते. पण काहींच्या शरीराला ते शत्रू वाटते आणि शरीर स्वतःच्याच आतड्यावर चाल करून जाते. लहान आतड्याच्या आतून बोटांसारखे अतिशय बारीक उंचवटे असतात, त्यांतून अन्नरस शोषला जातो. ते झिजून सपाट होतात. मग पोर पोटभर जेवले तरी अंगी लागत नाही. रक्त कमी होते, हाडे कमजोर राहतात, उंची खुंटते. मोठ्या माणसांनाही हा आजार होतो. कधी जुलाब नसतात, नुसता न हटणारा पंडुरोग असतो.

हा संसर्गाचा रोग नव्हे. कोणाच्या पापाचे फळ नव्हे, करणी तर नव्हेच. तो अंगभूत असतो, म्हणून ज्या घरात एक रोगी निघाला त्या घरातील आई-वडील आणि भावंडांचीही तपासणी करावी असे डॉक्टर सांगतात.

गव्हाचा हा दोष जगाला कळला त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात उपासमार पडली, पाव मिळेना. इतर मुले खंगत असताना या आजाराची मुले मात्र सुधारू लागली. युद्ध संपून पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपला प्रबंध सादर केला आणि गहू बंद करणे हाच या आजाराचा उपाय ठरला.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. मुलाचे पोट दुखते म्हणून आपल्या मनाने गहू बंद करू नका. आधी तपासणी, मग पथ्य. गहू आधीच सोडला तर तपासणीत रोग पकडला जात नाही. आणि ज्यांना हा आजार नाही त्यांनी गव्हाला घाबरण्याचे कारण नाही.

“आपण गहू कधी खात होतो?”

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींबरोबर मोठ्या दुकानात गेलो. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेल्या पिठाच्या पिशव्या होत्या, बिस्किटे होती. भाव पाहून आम्ही दोघेही गप्प झालो. ज्या पैशांत कित्येक किलो ज्वारी यावी त्यात एक लहान पुडा. आमच्यासारख्यांचे ते काम नव्हते.

घरी आलो तर सासूबाई म्हणाल्या, “एवढं काय रडायचं त्यात? आपण गहू कधी खात होतो? पाहुणा आला तर, लग्नात पंगत बसली तर. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायची. सरकारनं अमेरिकेची लाल मिलो दिली. तिच्या भाकरी खाऊन पोरं जगवली आम्ही.”

पण वहिनींचा चेहरा उतरलेलाच. त्यांच्या मनातले आम्हाला कळत होते. आमच्या पिढीने पोळीला प्रतिष्ठा दिली. चार पैसे हाती आले, पोरे शिकली, तसा डब्यात पोळी आली. भाकरी म्हणजे मागासलेपण, कण्या म्हणजे गरिबी, असे आपल्याला वाटू लागले. “पुन्हा भाकरीवर आणलं का आम्हाला?” असे त्या बोलल्या नाहीत, पण डोळ्यांत तेच होते.

म्हणून आम्ही त्यांना हिशेब दाखवला. आम्ही बी.कॉम. झालेलो, हिशेब मांडल्याशिवाय आम्हालाही पटत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. गव्हात त्याचा आठवा हिस्साही नाही. बाजरीत लोह भरपूर. हुलग्यात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिने. जे आपण गरिबीचे म्हणून मागे टाकले, त्याच भरड धान्यांचे २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भारताच्याच सूचनेवरून पाळले. शहरात श्रीमंत माणूस आता तीच नाचणी सुंदर पुड्यात घालून विकत घेतो.

काय चालते, काय चालत नाही

चालते: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राळे, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. सर्व डाळी आणि कडधान्ये. भाज्या, फळे, शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे. अंडी, मासळी, सुकट, मटण. दूधही चालते. मात्र आतडे भरून येईपर्यंत काही मुलांना दूध सोसत नाही, ते डॉक्टरांना विचारावे.

चालत नाही: पोळी, पुरी, पाव, बिस्कीट, खारी, टोस्ट, मैदा, रवा, शिरा, उपमा, शेवया, गव्हाचा दलिया, लापशी, समोसा, जिलेबी. उन्हाळ्यात आपल्या बायका करतात त्या कुरडयाही गव्हाच्याच, त्यांऐवजी तांदळाचे, ज्वारीचे किंवा साबुदाण्याचे पापड करावेत. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असते.

काही ठिकाणी गहू लपून बसलेला असतो. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, डबीवर वाचून पाहावे, नाहीतर फोडणीत लसूण वाढवावा. मराठवाड्यात रश्शाला दाटपणा यावा म्हणून येसर घालतात, त्यात भाजलेला गहू असतो. विकतच्या बेसनाची खात्री नसते. डाळ आणून दळून घेतलेली बरी. वडापावातला वडा बेसनाचा असला तरी कढई समोशाचीच असते.

पुड्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचे तर किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा आपल्या देशाचा नियम आहे. यावरून थोडासा गहूही किती बाधतो याचा अंदाज यावा. म्हणूनच गिरणीची गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या जात्यावर गहू दळला त्यावरच लगेच ज्वारी टाकली तर पीठ मिसळते. काही गिरण्यांत ज्वारी-बाजरीचे जाते वेगळे असते, तेथेच दळावे. तसे नसेल तर गिरणीवाल्या भाऊंना कारण सांगून जाते साफ करून घ्यावे, आधी दोन किलो तांदूळ दळावेत, ते पीठ घरातल्या इतरांसाठी ठेवावे आणि मग आपले दळण टाकावे. तरीही शंका राहतेच. या घरी तर म्हातारीने माळ्यावरचे जुने दगडी जाते खाली काढले. त्यावर तिने बाबासाहेबांच्या ओव्या गात जन्म काढला होता. आता नातीपुरते पीठ ती त्यावर दळते.

पाच पोटभरीचे पदार्थ

ज्वारीची भाकरी: आजच्या सुनांची तक्रार असते की भाकरी तुटते. ज्वारीत ग्लुटेन नाही, ती कणकेसारखी ताणणार नाही. तिला चिकटपणा येतो तो गरम पाण्याने. दोन वाट्या पीठ घ्या. वाटीभर पाण्याला चिमूट मीठ घालून उकळी आणा, निम्म्या पिठावर ओता, दहा मिनिटे झाका. मग उरलेले पीठ घालून, कोमट पाण्याचा हात लावत भरपूर मळा. पिठी ज्वारीचीच घ्या. थापून तव्यावर टाका, वरून पाणी फिरवा, सुकत आले की उलटा, मग विस्तवावर फुगवा. जुन्या पिठाची विरी जाते, म्हणून आठवड्यापुरतेच दळावे.

कण्या: ज्वारीची जाडसर भरड काढून पीठ चाळून घ्या. एक वाटी कण्या अर्धा तास भिजवा. चार वाट्या मिठाच्या पाण्याला उकळी आली की सोडा, मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवा. ताकाबरोबर, अंबाडीच्या भाजीबरोबर किंवा मटणाच्या रश्शाबरोबर खाव्यात. आजारातून उठलेल्या माणसाला याहून हलके आणि भरीचे अन्न नाही.

हुलग्याचे शेंगोळे: दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, आठ-दहा लसूण पाकळ्या, तीन-चार मिरच्या, जिरे, कोथिंबीर, हळद, मीठ. वाटण घालून घट्ट मळा. तेलाच्या हाताने बोटाएवढ्या वळ्या करून टोके जुळवा. तेलात मोहरी-लसणाची फोडणी करून सहा वाट्या पाणी उकळा, त्यात एक-एक शेंगोळे सोडा. थोडे पीठ पाण्यात कालवून ओतले की रस्सा दाटतो. पंचवीस मिनिटांत तयार. पावसाळ्यात एका ताटात अख्खे जेवण.

डब्यासाठी धपाटे: दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी घरचे बेसन, वाटीभर किसलेला दुधी, कांदा, लसूण-मिरचीचे वाटण, ओवा, तीळ. पाणी न घालता दह्यात मळा. ओल्या फडक्यावर थापून तेल सोडून भाजा. दुधीमुळे दुपारपर्यंत मऊ राहतात.

नाचणीची आंबील: तीन चमचे नाचणीचे पीठ वाटीभर ताकात रात्री कालवून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी, ठेचलेला लसूण, जिरे, मीठ उकळून त्यात ते सोडा, आठ मिनिटे ढवळा. शाळेला जाण्यापूर्वी मोठा पेला दिला की दुपारपर्यंत पोर तग धरते.

रविवारी मटण असेल तर येसराऐवजी कांदा, सुके खोबरे, तीळ आणि शेंगदाणे भाजून वाटावेत. रस्सा तितकाच दाट होतो. काळीज मात्र पोरीच्या वाट्याला द्यावे, तिच्या रक्ताला त्याची गरज असते. रोज मटण कोणाला परवडते? एरवी पिठले, सुकटीची चटणी, अंडे, मटकीची उसळ आहेच.

वेगळ्या भांड्याचा प्रश्न

खरी अडचण स्वयंपाकाची नव्हतीच. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की पोरीचा तवा, परात, डबा वेगळा ठेवा, पोळीचे पीठ तिला लागू देऊ नका. हे ऐकून म्हातारी भडकली. “वेगळं भांडं? माझ्या घरात? आमच्या आईबापांना वरून पाणी वाढायचे लोक. हॉटेलात आमची कपबशी बाहेर वळचणीला ठेवलेली असायची. बाबासाहेबांनी ते मोडलं. आता नातीचं ताट मीच वेगळं मांडू?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. चवदार तळ्याचा इतिहास ज्या समाजाच्या रक्तात आहे, त्याला ‘वेगळे भांडे’ हा शब्द नुसता शब्द नसतो. काळजीने वेगळे ठेवणे आणि विटाळाने वेगळे ठेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे आम्हाला कळते. पण सात वर्षांच्या लेकराला ते कसे कळावे?

ते लवकरच दिसले. १४ एप्रिल २०२४ रोजी जयंतीच्या जेवणात पुरी-भाजी होती. पोरगी आपला डबा घेऊन आमच्या शेजारी बसली. समोरच्या मुलाने सहज विचारले, “तुझं जेवण वेगळं का गं?” ती काही बोलली नाही. आमची नजर चुकवून तिने शेजारच्या पानातली अर्धी पुरी तोंडात घातली. पुढचे तीन दिवस ती पोट धरून पडून होती. आई तिच्यावर रागावली, आम्हीही रागावलो. नंतर आमची आम्हालाच लाज वाटली. पोर जिभेसाठी चुकली नव्हती. तिला सगळ्यांसारखे व्हायचे होते.

त्या रात्री म्हातारीनेच वाट काढली. “पोरीचं ताट वेगळं करायचं नाही. घरानं पोरीसारखं जेवायचं.” रात्रीच्या जेवणाला घरात गहू बंद. सगळ्यांना भाकरी, एकच तवा, एकच परात. रेशनच्या गव्हाच्या पोळ्या नवरा-बायको आणि धाकटा यांच्यासाठी सकाळी, जुन्या तव्यावर. तो तवा पोळीचा म्हणून बाजूला टांगला. म्हणजे वेगळा झाला तो गहू, पोर नव्हे!

हिशेब असा. एका भाकरीला सुमारे सत्तर ग्रॅम पीठ. पाच माणसांच्या रात्रीच्या दहा भाकरी, सातशे ग्रॅम, महिन्याला एकवीस किलो. पोरीच्या दिवसाच्या दोन भाकरी किंवा धपाटे, महिन्याला सव्वाचार किलो. एकूण पंचवीस किलोच्या आसपास. रेशनचा तांदूळ हाताशी असतोच, चार रात्री खिचडी केली की ज्वारी आणखी कमी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बीची ज्वारी निघते तेव्हा गावाकडून एकदम घ्यावी, ऊन दाखवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवावी. पुड्यांच्या भावाशी याची तुलनाच नको.

महिला मंडळाच्या बैठकीत वहिनींनी हा विषय स्वतः मांडला. चारचौघांत कधी न बोललेली बाई, पण त्या दिवशी बोलली. वैशाखी पौर्णिमेला विहारात तांदळाची खीर असतेच, त्यात अडचण नव्हती. २०२५ च्या जयंतीला मंडळाने पुरी काढून टाकली. मसालेभात, डाळ, वांग्याची भाजी आणि घराघरातून थापून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी. ज्वारी वस्तीने एकत्र, धुतलेल्या जात्यावर दळून आणली होती. कोणी नाक मुरडले नाही. उलट तरुण पोरांनी भाकरी तीन-तीनदा मागून घेतली.

पोरगी पंगतीच्या मधोमध बसली होती. डबा आणला नव्हता. आता तिचे वजन वाढते आहे, वर्गात जागी असते, धावण्याच्या शर्यतीत दुसरी आली. सरकारी दवाखान्यात दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते.

भगिनींनो, तुमच्या वस्तीत असे पोर असेल, खाऊनही अंगी न लागणारे, रक्त न वाढणारे, तर बाहेरचे पाहणाऱ्याकडे नेऊ नका, बाटल्यांवर पैसे घालवू नका. मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या आणि सिलिअ‍ॅकची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. निदान झालेच तर घाबरू नका. औषध आपल्याच कणगीत आहे. शाळेच्या बाईंना चिठ्ठी लिहून कळवा. आणि पोराचे ताट वेगळे मांडण्याआधी एकदा विचार करा, निदान एक वेळ तरी आपल्या सगळ्यांची ताटे त्याच्यासारखी करता येतील का?

जयभीम.